तळ्याचा नितळपणा स्वतः कसा मोजायचा आणि वाढत्या गरमीचा परिणाम त्यात कसा ओळखायचा

तळ्याकडे बघून "यंदा पाणी फारच खराब झालंय" असं सगळेच म्हणतात. पण किती खराब, कधीपासून, मागच्या वर्षी याच महिन्यात कसं होतं असं विचारलं की कुणालाच नीट सांगता येत नाही, कारण वर्षापूर्वीचं पाणी कसं दिसत होतं हे डोळ्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणून ही पद्धत सविस्तर लिहून काढतेय. एक तबकडी, एक दोरी, एक थर्मामीटर आणि एक वही, एवढ्यावर तळ्याच्या पोटात काय चाललंय याचा बराच अंदाज येतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, नुसता नितळपणा मोजून थांबू नका, जोडीला पाण्याचं टेम्परेचर मोजाच मोजा, आणि तेही वरवर नाही तर खालपर्यंत. नितळपणाचा एकटा आकडा फसवतो, कसा ते पुढे येईलच.

आधी तबकडी

हिला सेक्की डिस्क म्हणतात. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञांनी पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोलीपर्यंत दिसतात हे बघितलं, तिथून ही पद्धत आली. पुढे १८९९ मध्ये जॉर्ज व्हिपल यांनी तबकडीचे चार भाग करून ते आलटून पालटून काळे-पांढरे रंगवले आणि तळ्यांवर आजही तीच वापरतात. इतक्या वर्षांत सेन्सर आले, सॅटेलाइट आले, तरी ही तबकडी मागे पडली नाही. स्वस्त आहे, बिघडत नाही, आणि आजचा आकडा पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

बनवायला सोपी आहे. २० सेंटीमीटर व्यासाची जाड प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची गोल चकती घ्या, चार सारखे भाग आखा, समोरासमोरचे दोन पांढरे आणि दोन काळे रंगवा. रंग चकाकणारा नको, मॅट घ्या, नाहीतर उन्हाची तिरीप तबकडीवरून परत येते आणि ती आहे त्यापेक्षा खोलवर दिसल्यासारखी वाटते. मधोमध भोक पाडून बोल्ट बसवा, वरच्या बाजूला दोरी आणि खालच्या बाजूला वजन, इतकं वजन की तबकडी सरळ खाली जाईल, पाण्यात तिरकी होऊन भरकटणार नाही.

दोरीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण खरी चूक तिथेच होते. मी पहिल्या वेळी कोरड्या दोरीवर खुणा केल्या होत्या, काही महिन्यांनी टेप लावून बघितलं तर दोरी ताणली गेली होती आणि तोवरचे सगळे आकडे थोडे थोडे चुकलेले, ते मला बाजूला ठेवावे लागले. त्यामुळे न ताणणारी दोरी घ्या, ती रात्रभर पाण्यात भिजवा, ओढून घ्या आणि मग ओल्या दोरीवरच दर १० सेंटीमीटरला खूण करा, दर मीटरला वेगळा रंग. माप तबकडीच्या वरच्या पृष्ठभागापासून धरायचं, खालच्या वजनापासून नाही. आणि वर्षातून एकदा टेप लावून तपासायचं.

मोजताना

सकाळी १० ते दुपारी ३ च्या मध्ये जा, ऊन डोक्यावर असताना. तळ्याचा सगळ्यात खोल भाग निवडा आणि ती जागा मोबाईलच्या जीपीएसवर सेव्ह करा, कारण दर वेळी तिथेच यायचंय, जागा बदलली की तुलना संपली. एकटं जाऊ नका, लाइफ जॅकेट घाला, वारा सुटला असेल तर त्या दिवशी राहू द्या. होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी सोडा आणि गॉगल काढून ठेवा.

आता हळूहळू सोडत जा. आधी पांढरा भाग हिरवट किंवा तपकिरी दिसायला लागतो, मग काळे-पांढरे कोपरे एकमेकांत मिसळतात, मग कडा विरघळते आणि नुसता एक फिकट डाग उरतो. त्या डागाशी थांबा जरा. तो खरंच दिसतोय की मघाशी दिसत होता म्हणून वाटतोय, इथे घाई केली की आकडा चुकतो, एकदोन मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या. डाग पूर्ण गेला की दोरीवरची खूण वाचा. मग अजून थोडी खाली सोडून परत वर ओढा आणि जिथे डाग पुन्हा दिसेल ती खूण वाचा. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमचा त्या दिवसाचा आकडा. तबकडी दिसत असतानाच तळाला टेकली किंवा पाणवनस्पतींत शिरली तर तो आकडा खरा नाही, वहीत "तळाला टेकली" असंच लिहा.

आकड्याचा अर्थ लावायला १९७७ मध्ये रॉबर्ट कार्लसन यांनी एक सोपी फूटपट्टी दिली, तळ्यात पोषकद्रव्यं किती त्याचा अंदाज देणारा निर्देशांक, तबकडी ४ मीटरपर्यंत दिसली तर तो ४०, २ मीटरला ५०, १ मीटरला ६० आणि अर्ध्या मीटरला ७०. म्हणजे नितळपणा निम्मा झाला की निर्देशांक १० नी वाढतो. ४० च्या खाली पोषकद्रव्यं कमी असलेलं तळं, ४० ते ५० मधलं, आणि ५० च्या वर गेलं की पोषकद्रव्यांनी भरलेलं, शेवाळ सहज माजेल असं. हा हिशोब गढूळपणा शेवाळामुळे आलाय असं धरून केलेला आहे, पुरात वाहून आलेल्या मातीमुळे पाणी गढूळ असेल तर तो लावू नका. अजून एक ढोबळ माप उपयोगी पडतं, तबकडी जिथवर दिसते त्याच्या साधारण दुप्पट ते तिप्पट खोलीपर्यंत वनस्पतींना पुरेल एवढा उजेड पोचतो. तबकडी एक मीटर कमी खोलीपर्यंत दिसायला लागली तर तळाशी वाढणाऱ्या झाडांची दोन-तीन मीटरची जागा अंधारात जाते, हे लक्षात ठेवा, कारण ती झाडं गेली की गाळ धरून ठेवणारं कुणी राहत नाही आणि पाणी अजून गढूळ होतं. उथळ तळी अशी एकदा बिघडली की परत नितळ व्हायला फार वेळ घेतात.

टेम्परेचर, आणि हाच खरा भाग

लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर मिळाला तर उत्तम, वायरवर मीटरच्या खुणा करा आणि प्रत्येक मीटरला थोडं थांबून वाचा. तो नसेल तर बाटली वापरा. जड वजन बांधलेली बाटली, तिला बूच आणि बुचाला वेगळी दोरी, हव्या त्या खोलीला नेऊन बूच ओढायचं, बुडबुडे थांबले की बाटली भरली, पटकन वर घेऊन लगेच थर्मामीटर बुडवायचा. जास्त खोल गेलं की दाबामुळे बूच ओढायला जोर लागतो, पण चारपाच मीटरपर्यंत छान जमतं.

आकडे एकाखाली एक लिहा आणि बघा कुठे उडी दिसते. एका मीटरमध्ये १ अंशापेक्षा जास्त फरक पडला तर तिथे थर बदललाय असं समजा. वर गरम हलकं पाणी, खाली गार जड पाणी, आणि मध्ये हा उतार, जो झाकणासारखं काम करतो. वाऱ्याने वरचं पाणी ढवळलं जातं पण ते झाकण ओलांडून खाली जात नाही, म्हणजे हवेतला ऑक्सिजनही खाली जात नाही.

इथे पाण्याचा एक गुण समजून घेतला तर सगळं उलगडतं. पाणी साधारण ४ अंशाला सगळ्यात जड असतं आणि तापत जाईल तसं हलकं होतं, पण सारख्या वेगाने नाही. ४ वरून ५ अंशावर जाताना घनतेत जेवढा फरक पडतो त्याच्या जवळजवळ ३० पट फरक २४ वरून २५ वर जाताना पडतो. म्हणजे आधीच गरम असलेल्या तळ्यात वर-खाली एकदोन अंशांचाच फरक दिसला तरी त्याला किरकोळ समजू नका, तेवढ्यानेही थर पक्के बसतात. आणि हवामान तापतंय म्हटल्यावर नेमकं हेच होतंय, थर लवकर बसतात, घट्ट बसतात आणि उशिरा मोडतात. जगभरातल्या २३५ तळ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा १९८५ ते २००९ या काळात उन्हाळ्यातलं पृष्ठभागाचं तापमान सरासरी दर दशकाला ०.३४ अंशाने वाढल्याचं दिसलं. ऐकायला छोटा आकडा आहे, पण वरची ३० पटीची गोष्ट आठवा.

आता झाकण बसल्यावर खाली काय होतं ते बघा. वरून मेलेलं शेवाळ, पानं, कण खाली पडत राहतात, तिथले जिवाणू ते कुजवतात आणि त्यात ऑक्सिजन संपवतात, भर घालायला वरून काही येत नाही. त्यात गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, ० अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम, २० ला ९.१ आणि ३० ला जेमतेम ७.६, आणि त्याच वेळी गरमीमुळे माशांची गरज मात्र वाढलेली असते. समशीतोष्ण भागातल्या जवळपास ४०० तळ्यांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये जो अभ्यास आला त्यात पृष्ठभागाचा ऑक्सिजन ५.५ टक्के आणि खोल पाण्यातला तब्बल १८.६ टक्के घटलेला दिसला. गार पाण्यात राहणाऱ्या माशांची यात कोंडी होते, वर यावं तर पाणी गरम आणि खाली जावं तर ऑक्सिजन नाही.

पण नितळपणाशी याचा संबंध काय, तर गाळात लोहाला चिकटून फॉस्फरस बसलेला असतो. ऑक्सिजन असेपर्यंत तो तिथेच राहतो, ऑक्सिजन संपला की लोहाची पकड सुटते आणि फॉस्फरस पाण्यात येतो. मग कधी वादळाने, कधी थंडी पडून थर मोडले की हा साठा वर येतो आणि शेवाळाला आयतं खत मिळतं. बाहेरून एक थेंब सांडपाणी न येताही तळं स्वतःच्याच गाळातून स्वतःला खत घालत राहतं. तुमच्याकडे ऑक्सिजन मीटर नसेल तर तळाजवळचं पाणी बाटलीत वर आणून वास घ्या, कुजक्या अंड्यासारखा वास आला तर खाली ऑक्सिजन संपलाय, तारखेसकट लिहून ठेवा. दर वर्षी हा वास पहिल्यांदा कधी येतो ती तारीख मला तरी सगळ्यात बोलकी नोंद वाटते.

हिरवं पाणी दिसलं तर

सगळं हिरवं सारखं नसतं. आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते खरं तर जिवाणू, सायनोबॅक्टेरिया, आणि गरम, न हलणारं पाणी म्हणजे त्यांची चंगळ. यातल्या मायक्रोसिस्टिससारख्या जाती २५ अंशांच्या वर जोरात वाढतात आणि त्यांच्या पेशींत गॅसच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे वारा पडला की त्या तरंगत वर येतात, सगळा उजेड स्वतः घेतात आणि खालच्यांवर सावली धरतात. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसते ती हीच.

ओळखायला बरणीची चाचणी करा. हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाऊण भर पाणी घ्या, झाकण लावा, फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तूंपासून वेगळी ठेवा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवा थर वर तरंगत कडं धरून बसला असेल तर सायनोबॅक्टेरिया असण्याची शक्यता जास्त, खाली बसला असेल तर बहुतेक दुसरं शेवाळ. काठीने उचलून बघितलं आणि केसांसारखे धागे लोंबले तर ते तंतूवालं शेवाळ, ओल्या रंगासारखा लेप लागला तर सावध. ही चाचणी विष आहे की नाही ते सांगत नाही, ते फक्त प्रयोगशाळेत कळतं, त्यामुळे शंका आली की त्या पाण्यात उतरू नका, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. आणि पाणी उकळून काही उपयोग नाही, मायक्रोसिस्टिन हे या जिवाणूंचं विष उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटलं की जास्त दाट होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळामुळे जवळजवळ तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं होतं, लाखो लोकांचं शहर आहे ते.

आकडा कधी फसवतो

पाणी नितळ म्हणजे तळं निरोगी असं नाही, हे मला फार कळकळीने सांगायचंय. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात पाणी तापल्यामुळे थर घट्ट झाले, खालची पोषकद्रव्यं वर येणं कमी झालं, आणि शेवाळाची वाढ साधारण २० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. पाणी जास्त नितळ झालं, पण त्या शेवाळावर जगणाऱ्या माशांचं आणि त्या माशांवर जगणाऱ्या माणसांचं अन्न कमी झालं. म्हणजे एकाच गरमीमुळे एक तळं हिरवं होतं आणि दुसरं उपाशी राहून नितळ होतं. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराचं पाणी नितळ झालं त्याचं मोठं कारण बाहेरून आलेले क्वागा शिंपले, ते पाणी गाळून गाळून तरंगणारं सगळं खाऊन टाकतात, तिथे फक्त तबकडी बघितली असती तर आनंदच झाला असता.

वसंतात काही आठवडे पाणी अचानक स्वच्छ होतं तेही घाबरण्यासारखं किंवा खूश होण्यासारखं नाही, तेव्हा डॅफ्निया नावाचे पिसवांएवढे जीव शेवाळ खात असतात. गरमी वाढली की शेवाळ लवकर येतं आणि यांची वेळ चुकते, त्यामुळे हा स्वच्छ काळ दर वर्षी कधी येतो आणि किती टिकतो तेवढी नोंद ठेवा.

जोराच्या पावसानंतर माती येते, पृथ्वीच्या उत्तरेकडच्या थंड जंगलांतल्या तळ्यांत कुजलेल्या पाचोळ्यातून चहासारखा रंग उतरतो. म्हणून तबकडीचा आकडा लिहिताना पाण्याचा रंगही लिहा, हिरवा, तपकिरी की मातकट. आणि एका वर्षावरून निकाल लावू नका. अमेरिकेतल्या टाहो सरोवरात १९६८ पासून मोजतात, तेव्हा वार्षिक सरासरी ३१ मीटरच्या आसपास होती, २०१७ मध्ये ती १८ मीटरवर आली, आजवरची सगळ्यात कमी, कारण दुष्काळाच्या वर्षांनंतर जबरदस्त पाऊस-बर्फ पडून बारीक गाळ वाहून आला आणि पाणीही गरम होतं. पुढच्याच वर्षी ती परत २१ मीटरच्या पुढे गेली. नुसती २०१७ ची नोंद हातात असलेला माणूस काय समजला असता?

मग करायचं काय

हवा गार करणं एका तळ्याच्या काठावरून होणार नाही, पण फॉस्फरस अडवणं होतं, आणि तापलेल्या तळ्याला आधी चालायचा तेवढा फॉस्फरसही आता सोसत नाही, म्हणून तो पूर्वीपेक्षा जास्त अडवायचा. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या टीमने एक तळं मध्ये पडदा लावून दोन भागांत वाटलं, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस फक्त एकीकडे, आणि तेवढीच बाजू हिरवीगार झाली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन सरोवरात १९६३ ते १९६८ मध्ये सांडपाणी दुसरीकडे वळवलं, आधी तबकडी एक मीटरही दिसत नव्हती, काही वर्षांतच ती कित्येक मीटर खाली दिसायला लागली.

तेव्हा काठावरचं गवत, वेत, झाडं राहू द्या, काठ सपाट आणि स्वच्छ करायच्या नादात ती काढली की मातीला अडवणारं काही राहत नाही. काठाजवळ खत टाकू नका, शोषखड्डे गळतायत का बघा, पावसाचं पाणी थेट तळ्यात सोडण्याआधी कुठेतरी मुरू द्या. शेवाळ दिसलं की औषध टाकायची घाई मात्र करू नका, एकदम मेलेलं शेवाळ कुजताना उरलेला ऑक्सिजन खातं आणि पेशी फुटून विषही पाण्यात सुटतं.

वही

तारीख, वेळ, आकाश, वारा, तबकडी दिसेनाशी झाली ती खोली, परत दिसली ती खोली, रंग, वास, प्रत्येक मीटरचं तापमान, गेल्या तीन दिवसांत पाऊस झाला का, आणि कोणी मोजलं. दर दोन आठवड्यांनी, जमेल तेवढी वर्षं. सायबेरियात बैकाल सरोवरावर मिखाईल कोझोव यांनी १९४५ मध्ये दर सात ते दहा दिवसांनी मोजायला सुरुवात केली, मग त्यांच्या मुलीने, मग नातीने, कडाक्याच्या हिवाळ्यातही बर्फाला भोक पाडून. १९४६ पासून पृष्ठभागाचं पाणी १.२१ अंशाने तापलंय हे २००८ मध्ये जगाला कळलं ते या एका घराच्या नोंदींमुळे.

नोंदीचा दर महिन्याला फोटो काढून दुसऱ्या कुणाकडे ठेवा, वही भिजते. आणि एखादी फेरी चुकली तर मागच्या-पुढच्या आकड्यांवरून अंदाजाने भरू नका, ती ओळ रिकामी सोडा आणि बाजूला का चुकली ते लिहा.